आईच्या नावाचा रकाना

यादी परत आली ती सोमवारी, मोटारसायकलवाल्याच्या हातून, धुळीने लाल झालेल्या पाकिटातून. कोंबा ग्बोंदो मास्तरने ती शाळेच्या पायरीवर उभ्याउभ्या वाचली. मग पायरी उतरून अंगणात गेला आणि उन्हात धरून पुन्हा वाचली. एकशे त्रेसष्ट मुलांची नावं त्याने शिक्षण कचेरीला पाठवली होती. परत आली अठ्ठावन्न. खाली एक ओळ टाइप केलेली होती: दुबार नोंदी वगळल्या आहेत.

"वगळल्या म्हणजे काय केलं?" कुंबामावशीने विचारलं. ती शाळेच्या कोपऱ्यावर पामतेल आणि भाजलेले शेंगदाणे विकायची, त्यामुळे शाळेत येणारा कागद मास्तरांच्या खालोखाल तिला आधी कळायचा.

"पुसल्या."

"पोरं पुसली?"

"नावं."

"मग असं सांग की. मला वाटलं सरकारला आता पोरंही पुसता येतात."

कोंबा हसला नाही. यादीत एकच साहर ग्बोंदो उरला होता. त्याने पाठवले होते एकवीस.

क्वेमादू गावात, आणि आसपासच्या सगळ्या कोनो मुलखात, बारशाला कुणाला डोकं खाजवावं लागत नाही. पहिला मुलगा साहर, दुसरा तांबा, तिसरा आइया, चौथा कोंबा. पहिली मुलगी सिया, दुसरी कुंबा, तिसरी फिंदा. नाव ऐकलं की घरातला नंबर कळतो. कोंबा म्हटलं की याच्या आधी तीन भाऊ झाले, हे सांगावं लागत नाही. ते आज आहेत का, हे मात्र नावावरून कळत नाही. कोंबाचे तिघेही लढाईत गेले होते.

राहिलं आडनाव. तेही निम्म्या गावाचं एकच होतं, आणि त्याला कारण होतं. आठ वर्षांपूर्वी, लढाई थांबल्यावर, लोक गिनीतल्या छावण्यांतून आणि रानातून परतले तेव्हा क्वेमादूत एकाही घरावर छप्पर नव्हतं. माणसं आली, त्यांच्याबरोबर मुलंही आली. काही स्वतःची, काही वाटेत सापडलेली, काही अशा बायकांची ज्यांना बंदूकवाल्यांनी उचलून नेलं होतं आणि ज्या परत येताना कडेवर मूल घेऊन आल्या. गावप्रमुख फाइयाआजोबांनी जळक्या आंब्याखाली सगळ्यांना बसवून एवढंच सांगितलं होतं, "मूल कुणाचं, हे या गावात कुणी विचारायचं नाही. ज्या घरात जेवेल त्या घरचं." गावातली बहुतेक घरं ग्बोंदोंची. त्यामुळे बहुतेक मुलं ग्बोंदो झाली.

आठ वर्षांत हा नियम कुणी मोडला नव्हता. भांडणातही नाही. क्वेमादूत बायका एकमेकींना चोर म्हणाल्या, चेटकीण म्हणाल्या, पण कुणाच्या पोराकडे बोट दाखवलं नाही.

सरकारच्या नावं जुळवणाऱ्या यंत्राला हे ठाऊक असायचं कारण नव्हतं. त्याला एकवीस साहर ग्बोंदो दिसले, त्याने वीस उडवले.

एरवी कोंबाने यादी खिशात घातली असती आणि महिनाभराने तालुक्याला गेला असता. पण आता महिना नव्हता. गावामागच्या टेकडीत हिरे होते आणि टेकडी कंपनीची होती. खाण गावाच्या अंगावर सरकत आली होती. सुरुंगाच्या दिवशी भोंगा वाजला की सगळं गाव ओढा ओलांडून पलीकडच्या शेडमध्ये जाऊन बसायचं आणि परतल्यावर भिंतीतल्या नव्या भेगा मोजायचं. पावसाळ्याआधी गाव उठणार होतं, आठ मैलांवर, तांबड्या माळावर. घरं कंपनी बांधणार होती. शाळेबद्दल करारात एक कलम होतं: सरकारी यादीत किमान एकशे वीस मुलं असतील तर शाळा बांधून मिळेल. नसतील तर मुलांनी माळापासून चार मैलांवरच्या शाळेत जावं, कंपनीचे डंपर धावतात तो रस्ता ओलांडून.

चार मैल कुणी जाणार नाही, हे कोंबाला माहीत होतं. मुलं जातील ती जुन्या खड्ड्यांवर. कंपनीच्या आधीच्या काळात हाताने खणून सोडलेले, पाण्याने भरलेले खड्डे. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून चाळणीत वाळू फिरवायची आणि मुकादम देईल तो भात खायचा. मागच्या वर्षी पाचवीतली दोन मुलं शाळा सोडून तिथे गेली होती. काठ खचला. त्यांना काढायला संध्याकाळ झाली.

मंगळवारी सकाळी कोंबा मोटारसायकलच्या मागे बसून तालुक्याला गेला. शिक्षण कचेरीत कार्गबो नावाचे अधिकारी होते, उत्तरेकडचे, जाड भिंगाचा चष्मा, समोर फायलींचा ढीग आणि ढिगावर थंड झालेला चहा. कोंबाने खुर्ची नाकारली. त्याला बसवत नव्हतं.

"साहेब, ही मुलं खरी आहेत. तुम्ही या, बघा."

"खरी आहेत म्हणून सगळेच सांगतात. मागच्या आठवड्यात एका गावात शेजारच्या गावची पोरं आणून उभी केली होती. एकाला विचारलं, तुझ्या आईचं नाव काय? तो म्हणतो, कुठल्या शाळेतल्या आईचं सांगू?"

"आमच्याकडे तसं नाही."

"मग हे काय आहे?" कार्गबोंनी त्याचाच अर्ज पुढे सरकवला. "सहा रकाने आहेत. तुम्ही पाच भरलेत. शेवटचा सगळा कोरा."

शेवटचा रकाना आईच्या नावाचा होता. आईचं, नाहीतर सांभाळणाऱ्याचं.

"ते गावात सगळ्यांना माहीत असतं," कोंबा म्हणाला.

"मग सगळ्या गावाला यंत्रात बसवू का? मास्तर, नाव एक असू दे, आडनाव एक असू दे. वय सगळे अंदाजाने लिहितात, ते यंत्र धरत नाही. आईचं नाव, माहेरच्या आडनावासकट, वेगळं आलं तर ते मूल वेगळं. एवढंच त्याला कळतं. तुम्ही ते का भरलं नाहीत?"

कोंबाने खिडकीबाहेर बघितलं. "घाईत राहिलं."

"एकशे त्रेसष्ट वेळा?"

कार्गबोंनी चहाचा कप उचलला आणि न पिता खाली ठेवला. "शुक्रवारी यादी राजधानीला जाते. मी गुरुवारी येतो. मूल आणि आई, दोघांना समोर उभं करा. नुसती मुलं चालणार नाहीत."

"गुरुवारी सुरुंग आहे, साहेब. साडेबाराला भोंगा."

"तर साडेबाराच्या आत उरकू."

परतीच्या वाटेवर कोंबाने तीनदा मोटारसायकलवाल्याला हळू घे म्हटलं आणि दोनदा वेगात घे म्हटलं. शेवटी तो वैतागला. "मास्तर, तुम्हाला पोचायचं आहे की नाही, एकदा ठरवा."

कोंबाला ते ठरवता येत नव्हतं. त्याच्याच घरात दोन साहर होते.

एक गिनीच्या छावणीत जन्मलेला, आता अकरा वर्षांचा. दुसरा तेरा-चौदाचा. परतीच्या वाटेवर, एका मोडक्या पुलाखाली तो बसलेला सापडला होता, पाच-सहा वर्षांचा. फिंदाने, कोंबाच्या बायकोने, त्याला उकडलेला कसाव्याचा कंद दिला आणि नाव विचारलं. तो म्हणाला, साहर. त्याच्याजवळ तेवढंच होतं. ते बदलावं असं दोघांच्याही मनात आलं नाही. मागून येणाऱ्या वाटसरूंनी पाहिलं ते चार माणसांचं कुटुंब.

बुधवारी सकाळी गाव सभेच्या छपराखाली जमलं. कोंबाने काय झालं ते सांगितलं. आईच्या नावाचा रकाना म्हटल्यावर बायकांच्या बाजूची कुजबूज थांबली.

"हे चालणार नाही," फाइयाआजोबा म्हणाले. ते आता थकले होते, आवाज मात्र तसाच होता. "आंब्याखाली शब्द दिलाय."

"आजोबा, शब्द पाळला तर शाळा जाते."

"आणि मोडला तर गाव जातं. तू शिकलेला आहेस, तुला दोन्हीतलं मोठं काय ते कळत असेल."

"गाव तर कंपनी नेतेच आहे," मागून कुणीतरी म्हणालं. दोघं-तिघं हसले.

एक बाप उठला. "कंपनीच्या घराच्या यादीत पोरं माझ्या नावावर आहेत. शाळेच्या यादीत आईच्या नावावर टाकलीत आणि उद्या ते म्हणाले ही पोरं वेगळी, तर माझी एक खोली कमी होईल."

"तुझी खोली राहू दे. तुझी पोरं कितवीत आहेत ते सांग आधी," कुंबामावशी म्हणाली.

"तिसरीत."

"पाचवीत आहेत. दोन्ही. बस खाली."

या वेळी सगळेच हसले आणि बाप बसला. कुंबामावशी उभीच राहिली. तिच्या घरी सात मुलं होती आणि ती स्वतः एकदाही बाळंत झाली नव्हती. हे सगळ्यांना माहीत होतं आणि आजवर कुणी बोललं नव्हतं.

"आजोबा, तुम्ही त्या दिवशी काय म्हणालात? जेवेल त्या घरचं. मग तेच लिहू द्या. सांभाळणाऱ्याचं चालतं म्हणतोय ना तो साहेब? पोराला जेवायला हाक कोण मारतं, तिचं नाव. कोण व्यालं, कुठे, कुणापासून, हे त्या कागदात मागितलंय का, मास्तर?"

"नाही."

"मग कोण विचारतंय?"

फाइयाआजोबा काठीच्या टोकाने जमीन उकरत बसले. "साहेबाने विचारलं तर?"

"त्याला शेंगदाणे देईन. तोंड भरलेलं असलं की माणूस कमी विचारतो."

आजोबांनी होकार दिला नाही. नकारही दिला नाही. उठले आणि घरी गेले. क्वेमादूत त्याचा अर्थ होकार असाच होतो.

घरी फिंदा कसाव्याचा पाला कुटत होती. कोंबा दारात उभा राहिला, आत गेला, पुन्हा दारात आला.

"मुसळ देऊ का?" ती म्हणाली. "हाताला काम असलं की पाय थांबतात."

"आपलं काय करायचं?"

"काय करायचं म्हणजे?"

"नाव एक, आडनाव एक, हाक मारणारी एक. यंत्र एकाला उडवणार."

फिंदाने दोन-चार घाव घातले. "तू मास्तर आहेस. यंत्राला शिकव."

गुरुवारी कार्गबो दहाला यायचे ते पावणेअकराला आले. टायर पंक्चर झालं होतं. कोंबा तोवर रस्त्यापर्यंत सहा फेऱ्या मारून आला होता. मुलं अंगणात रांगेने, बायका भिंतीच्या सावलीत. सगळ्या आल्या नव्हत्या. काही मुलं आदल्या दिवसापासून खड्ड्यांवर होती, काही आयांबरोबर बाजाराला गेली होती, आणि तीन बायकांनी सकाळी दारं लावून घेतली होती. त्यांच्याकडे कोंबा गेलाच नाही.

कार्गबो टेबलाशी बसले. "आई मुलाला हाक मारेल, मूल येईल, मी लिहीन. शिकवलेलं मूल लगेच ओळखू येतं. आधी मास्तरकडे बघतं."

पहिली बाई पुढे झाली. "साहर," म्हणाली, साध्या आवाजात. रांगेत पंधरा साहर उभे होते. एक निघून आला. बाकीच्या चौदांनी मानसुद्धा वळवली नाही. दुसरी आली, तिनेही "साहर" म्हटलं. दुसरा आला. तिसरीने हाक मारली तेव्हा कार्गबोंनी पेन थांबवलं.

"यांना कळतं कसं?"

"तुमच्या घरी तुम्हाला जेवायला बोलावतात तेव्हा तुम्हाला कसं कळतं?" कुंबामावशी म्हणाली.

"माझ्या घरी मी एकटाच कार्गबो आहे."

"म्हणून वाळलात."

कार्गबो गालात हसले आणि पुढे लिहू लागले. मावशीची पाळी आली तेव्हा सात मुलं तिच्यामागे आली. कार्गबोंनी तिच्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. एकाचा चेहरा दुसऱ्याशी जुळत नव्हता.

"सातही तुमचीच?"

"पोरं मोजायला आलात की पोट?"

तिने शेंगदाण्यांची पुडी टेबलावर ठेवली. कार्गबोंनी ती बाजूला सारली, पण पुढचं विचारलं नाही. सात ओळी लिहिल्या.

बारा वाजले. सव्वाबारा. कोंबा रांगेच्या या टोकापासून त्या टोकाला जात होता, उरलेली डोकी मोजत होता, पुन्हा मोजत होता. आपल्या घराची पाळी त्याने शेवटी ठेवली होती. त्याला वाटलं होतं, तोवर एकशे वीस होतील आणि एक साहर सुटला तरी चालेल. बारा वीसला कार्गबोंनी आकडा सांगितला: एकशे अठरा.

"आणखी कोण आहे?"

"माझं घर," कोंबा म्हणाला.

फिंदा सावलीतून पुढे आली. "साहर," तिने हाक मारली.

दोघेही आले. थोरला दोन पावलं पुढे, धाकटा त्याच्यामागे. टेबलाशी येऊन उभे राहिले.

कार्गबोंनी चष्मा काढला. "मास्तर, माझी बायको कोनो आहे. साहर म्हणजे पहिला मुलगा, एवढं मला कळतं. एका बाईला दोन पहिले मुलगे कसे?"

भिंतीलगतच्या बायकांपैकी एकीने कडेवरच्या मुलीचं डोकं आपल्या खांद्याकडे वळवलं. हा प्रश्न आठ वर्षांत पहिल्यांदा मोठ्याने विचारला गेला होता, आणि तोही बाहेरच्या माणसाकडून.

"बाई, यातला तुमचा कोणता?"

"दोन्ही," फिंदा म्हणाली.

"मला एकच लिहिता येतो. दुसरा लिहिला तरी यंत्र उडवेल. मग तुम्ही एकशे एकोणीस. सांगा."

"मी सांगितलं."

कार्गबोंनी घड्याळ पाहिलं. थोरल्या साहरची नजर जमिनीवर होती. तो हुशार होता, वर्गात गणित सर्वांत आधी सोडवायचा. हे गणित त्यानेही सोडवलं असणार. त्याने एक पाऊल मागे घेतलं, फक्त एक, धाकट्याच्या मागे जाईल एवढं.

कोंबाने ते पाऊल पाहिलं. तो टेबलाशी गेला आणि कार्गबोंच्या हातून पेन घेतलं. अधिकाऱ्याच्या हातातून पेन घेण्याची त्याची ही पहिलीच वेळ होती.

"सांभाळणारा पुरुष चालतो?"

"चालतो. पण..."

त्याने दोन ओळी लिहिल्या. साहर ग्बोंदो, वय तेरा, सांभाळणार फिंदा. साहर ग्बोंदो, वय अकरा, सांभाळणार कोंबा.

कार्गबोंनी कागद आपल्याकडे फिरवून वाचला. फिंदाकडे पाहिलं, दोन्ही मुलांकडे पाहिलं. धाकट्याची हनुवटी आणि फिंदाची हनुवटी एक होती, आंधळ्यालाही दिसावी अशी. त्यांनी चष्मा लावला.

"एकशे वीस," ते म्हणाले आणि सही केली. तेवढ्यात भोंगा वाजला.

सगळं गाव ओढ्याकडे निघालं. बायकांनी पातेली उचलली, पोरांनी कोंबड्या. कार्गबोंनी गाडी पिटाळली. शेडमध्ये कोंबा नेहमीप्रमाणे मुलं मोजू लागला आणि नेहमीप्रमाणे आकडा चुकला. थोरला साहर त्याच्या शेजारी येऊन उभा राहिला.

"बाबा, मला कुणाखाली लिहिलं?"

"आईखाली."

"आणि याला?"

"माझ्याखाली."

"म्हणजे कुणी वाचलं तर त्याला वाटेल, मी तिचा आणि हा आणलेला."

तो शब्द गावात नव्हता. फिंदा चार पावलांवर होती. तिने पातेल्यावरचं झाकण सारखं केलं, ते आधीच सारखं होतं.

"वाचणाऱ्याला काय वाटायचं ते वाटू दे," कोंबा म्हणाला.

"मी आणलेला?" धाकट्याने विचारलं.

"तुला खड्ड्यातून चाळून काढला," थोरला म्हणाला. "खडाच निघाला."

धाकट्याने त्याला लाथ मारली. थोरल्याने ती चुकवली आणि त्याचं डोकं काखेत धरलं. मग सुरुंग उडाला, शेडचे पत्रे खडखडले, आणि धूळ खाली बसेपर्यंत सगळ्यांनी तोंडावर फडकी धरली.

शाळा यादीत आली. पावसाळ्याआधी गाव उठलं. तांबड्या माळावर तीन वर्गांची इमारत उभी राहिली, पत्रा नवा, फळे नवे, विहिरीला मात्र अजून पाणी लागलं नव्हतं. दोन वर्गांच्या दारांना कड्या बसवायच्या राहिल्या होत्या. नव्या शाळेवरच्या कोंबाच्या सरकारी नेमणुकीचा कागद मात्र आला नाही. तो दर मंगळवारी तालुक्याला जाऊन विचारत असे आणि कार्गबो दर मंगळवारी सांगत, राजधानीत आहे.

पहिल्या दिवशी त्याने नावं लिहायला टेबल दारात मांडलं. आता तो शेवटचा रकाना आधी भरत असे. तू कुणाचा, कुणाची, असं विचारत नसे. "तुला जेवायला कोण हाक मारतं?" एवढंच विचारी, आणि मुलं पटकन सांगत.

दुपारी एक मुलगी आली. नऊ-दहा वर्षांची, चाळणीच्या काठाने सोललेली बोटं, कुठल्या तरी जुन्या खड्ड्यावरून चालत आलेली. नाव सिया. आडनाव विचारल्यावर तिने खांदे उडवले.

"तुला जेवायला कोण हाक मारतं?"

मुलीने विचार केला. "कुणी नाही. मुकादम पाळी लावतो."

कोंबाने पेन खाली ठेवलं. पुन्हा उचललं. उठून दारापर्यंत गेला. माळाच्या पलीकडे, नव्या घराच्या ओट्यावर फिंदा पाला निवडत बसली होती. त्याने तिला हाक मारली. ती वर बघेपर्यंत तो दारातच उभा राहिला, आणि त्याच्यामागे मुलगी टेबलावरच्या कोऱ्या रकान्याकडे बघत होती.